शिक्का खरा, हुकूम खोटा

आमच्या गोरेगावाचे एक जुने दुखणे आहे. परगावी कोणी गाव विचारले आणि आपण ‘गोरेगाव’ म्हटले, की समोरचा लगेच लोकलगाड्यांच्या गर्दीविषयी बोलू लागतो. मुंबईचे गोरेगाव निराळे, रायगडातही एक गोरेगाव आहे, आणि आमचे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांमधले. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हापासून पत्त्यावर जिल्ह्याचे नाव ठळक लिहावे लागते, नाहीतर पत्र भलतीकडेच जाते. नाव तेच, पण गाव ते नव्हे, हा धडा आमच्याकडची पोरेही लवकर शिकतात.

परंतु आज मला लिहायचे आहे ते याच्याही पुढच्या घोटाळ्याविषयी. नाव तेच असते, माणूसही तोच असतो, शिक्काही त्याचाच असतो आणि तरीही हुकूम त्याचा नसतो.

हा विषय डोक्यात शिरला तो गावातल्या एका सेवा केंद्रात. दिवाळीच्या तोंडावर धान विक्रीची नोंदणी चालली होती आणि बाहेर रांग लागली होती. माझ्या पुढे एक वयस्क शेतकरी बसले होते. संगणकावर त्यांचा अर्ज अर्धा भरून झाला, मध्येच वीज गेली, आली, आणि पुढचे बटण दाबताच पडद्यावर अक्षरे उमटली, ‘पानाची मुदत संपली. कृपया पुन्हा भरा.’ केंद्रावरचा मुलगा वैतागला. म्हातारबाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, नाव माझं, सातबारा माझा, अंगठा माझा, आन मी इथं समोर बसलो आहो. मंग घडीभरात ते पान जुनं कसं झालं जी?”

शाळामास्तरला प्रश्न विचारला की उत्तर दिलेच पाहिजे, अशी गावाची समजूत असते. मला त्या क्षणी उत्तर आले नाही. पुढे चार ठिकाणी विचारले, वाचले, तेव्हा कळले की त्या साध्या प्रश्नाचे मूळ आपल्या इतिहासात पार शनिवारवाड्यापर्यंत पोहोचते. म्हणून त्या बाबांना जे तेव्हा सांगता आले नाही ते आता सविस्तर सांगतो.

शनिवारवाड्यापासूनच सुरुवात करू. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे थोरले माधवराव पेशवे वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. वय अवघे सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकल्याची ओरड करीत गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरकसिंग ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. नारायणराव धावत चुलत्याकडे गेला, त्याला मिठी मारली, पण वाचला नाही. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द दादांनाच दोषी ठरवले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे.

त्याहूनही अधिक ठाऊक आहे ते ‘ध चा मा’. दादांनी गारद्यांना लिहिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून त्याचे ‘मारावे’ केले, अशी कथा घरोघर सांगितली जाते. येथे शिक्षक म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ती मूळ चिठ्ठी इतिहाससंशोधकांच्या हाती लागलेली नाही, आणि आनंदीबाईंवरचा हा आरोप कागदोपत्री सिद्ध झालेला नाही. एका स्त्रीच्या माथी अडीचशे वर्षे बसलेला हा डाग आपण पुराव्याविना रोज नव्याने गिरवू नये. पण कथा खरी असो वा नसो, लोकांनी ती इतकी जपली याचे कारण तिच्यातले भय खरे आहे. कागद धन्याचा, अक्षर धन्याचे, आणणारा माणूस ओळखीचा, आणि काम मात्र भलतेच! कागद कोणाकडून आला एवढे ओळखणे पुरत नाही. कागदात आहे तेच त्याच्या मनात होते काय, हेही पारखावे लागते.

याच्या उलट प्रकार अवघ्या तीन वर्षांनी घडला. पानिपतावर 1761 मध्ये पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा एक कनोजा ब्राह्मण उभा राहिला. कैदेतून सुटून त्याने कोकणात किल्ले घेतले, सैन्य जमवले, मोठमोठी माणसे बुचकळ्यात पाडली, आणि अखेर 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. हा तोतया. येथे हुकूम देणारा मनापासून हुकूम देत होता, फक्त तो जो म्हणवत होता तो नव्हता.

म्हणजे फसवणुकीचे दोन प्रकार झाले. एकात माणूस खोटा, दुसऱ्यात मजकूर बदललेला. आता तिसरा प्रकार ध्यानात घ्या, कारण आपल्याला तोच पाहायचा आहे. माणूस खरा आहे. त्याचा शिक्का खरा आहे. कागद वाटेत कोणी खाडाखोड करून बदललेला नाही. पण तो मजकूर त्याने कधी लिहिलेलाच नाही. परक्याने लिहून कारभाऱ्याच्या गठ्ठ्यात सरकवला, आणि कारभाऱ्याने नेहमीच्या सवयीने त्यावर धन्याचा शिक्का उठवून तो रवाना केला. धनी शेजारच्या दालनात निवांत जेवत बसला आहे आणि त्याच्या नावाने फौज निघाली आहे!

आपल्या जुन्या दप्तरखान्याला या तिसऱ्या प्रकाराची धास्ती पुरेपूर होती. मराठेशाहीतले अस्सल कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे ठाऊक आहे. कागदाच्या माथ्यावर मुद्रा असे. पण तेवढ्याने काम संपत नसे. मजकूर जेथे संपला तेथे छोटा शिक्का उठे, त्याला मोर्तब म्हणत. ‘मर्यादेयं विराजते’, म्हणजे मजकुराची हद्द येथे झाली, असे शब्द त्यावर असत. त्याखाली कोणी एक ओळ वाढवू म्हणेल तर ती उघडी पडे. लांब कागद चिकटवून जोडलेला असेल तर जोडावर शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. सचिवाने, म्हणजे सुरनिसाने, राजपत्रांचा मजकूर तपासायचा, आणि कागद सुटण्यापूर्वी त्याची दप्तरात नोंद व्हायची. ‘सुरुसूद’, ‘बार’ अशा नोंदी त्या कागदांच्या शेवटी दिसतात त्या याच व्यवस्थेतल्या. एकटा शिक्का कोणीही मिळवील, पण शिक्का आणि दप्तरातली नोंद यांचा मेळ बसवणे परक्याला अवघड. हे सूत्र मनात धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

हे झाले राजेरजवाड्यांचे. गरिबाच्या घरी काय होते? एकोणिसाव्या शतकात दख्खनचा कुणबी सावकाराकडे जाई. लिहिता-वाचता येत नसे. रोख्यावर त्याच्या नावाने नांगराची निशाणी उठे. माणूस खरा, निशाणी खरी, कोर्टात दोन्ही सिद्ध होत. पण रोख्यात काय लिहिले आहे हे त्याला कळे ते जप्ती आल्यावर. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजारच्या दिवशी लोक उठले, आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य सर्वांनी नोंदले आहे. लोकांचा मुख्य राग कागदांवर होता. रोखे हिसकावून घ्यावेत आणि जाळावेत, हा त्यांचा हेतू. ज्या कागदाने आपल्या तोंडी न बोललेले शब्द घातले, तो कागद त्यांना शत्रू वाटला.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर हे चार जिल्हे त्यात प्रथम आले. त्यातली एक तरतूद आमच्या विषयाला फार जवळची आहे. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे आणि त्याच्यासमक्ष सही-निशाणी झाली पाहिजे. सरकारने निशाणी अधिक मोठी करायला सांगितली नाही, हे लक्षात घ्या. निशाणी खरी असूनही इच्छा खोटी असू शकते, हे ओळखून त्यांनी निशाणी कोठे व कोणासमोर झाली याचा पुरावा मागितला.

आता संगणकाकडे वळू. वाचकहो, घाबरू नका. पात्रे तीच आहेत, फक्त पोशाख बदलला आहे.

1988 मध्ये नॉर्म हार्डी या अमेरिकन तंत्रज्ञाने एक छोटा लेख लिहिला. विषय होता ‘गोंधळलेला कारभारी’. टाइमशेअर नावाच्या कंपनीच्या संगणकावर एक प्रोग्राम होता. गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइल लिहिण्याचा अधिकार त्याला दिलेला होता. गिऱ्हाईक त्याला सांगे, ‘माझे उत्तर अमुक फाइलीत लिही.’ एकाने उत्तरासाठी नाव दिले ते नेमके बिलांच्या फाइलीचे. गिऱ्हाइकाला त्या फाइलीला हात लावण्याची मुभा नव्हती, पण कारभाऱ्याला होती. कारभाऱ्याने आज्ञा पाळली आणि बिले पुसली गेली. चोरी झाली नाही, कुलूप फुटले नाही. अधिकार एकाचा, इच्छा दुसऱ्याची, आणि मध्ये भोळा कारभारी, एवढ्यावर भागले.

पुढे इंटरनेटवर हाच कारभारी घरोघर पोहोचला. त्याचे नाव ब्राउझर. संकेतस्थळाला मुळात स्मरणशक्ती नसते. एक पान दिले की ते माणूस विसरते. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंतुली या तरुणाने त्यावर तोड काढली, ती म्हणजे ‘कुकी’. तुम्ही एकदा नाव आणि पासवर्ड देऊन आत गेलात की संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरकडे एक चिठ्ठी देऊन ठेवते. पुढे त्या स्थळाकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर ती चिठ्ठी आपण होऊन दाखवतो. दर पानाला पासवर्ड मागावा लागत नाही. सोय मोठी झाली, पण येथेच शिक्का कारभाऱ्याच्या हाती गेला.

उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही बँकेच्या स्थळावर गेला आहात आणि बाहेर पडायचे विसरलात. तेवढ्यात कोणी दिवाळीच्या शुभेच्छांचा दुवा पाठवला. तो उघडला, तर पणत्या, आकाशकंदील, सुंदर रांगोळी. पण त्या पानाच्या पोटात, डोळ्यांना न दिसणारा एक अर्ज आहे, ‘या खात्यातून त्या खात्यात इतके रुपये पाठवा’. पान उघडताच तो अर्ज तुमच्याच ब्राउझरमार्फत बँकेकडे जातो. बँकेचा अर्ज म्हटल्यावर ब्राउझर इमानाने बँकेची चिठ्ठीही जोडतो. बँक पाहते, तर चिठ्ठी खरी. तुम्ही रांगोळी पाहत असता, आणि दुसरीकडे तुमची निशाणी उठलेली असते. फसवणाऱ्याला तुमचा पासवर्ड कळलेला नाही. त्याला त्याची गरजच पडलेली नाही.

2001 मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी या प्रकाराला ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ हे नाव दिले. मराठीत सांगायचे तर परक्या पानावरून केलेली मागणीची बनावट. पुष्कळ वर्षे लोकांनी तिकडे दुर्लक्ष केले. 2008 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या झेलर आणि फेल्टन या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की नावाजलेल्या स्थळांतही ही वाट उघडी होती. आयएनजी डायरेक्ट या बँकेच्या स्थळावर तर खातेदाराच्या नकळत पैसे हलवता येत होते. त्यांनी आधी कळवले आणि ती वाट बुजवली गेली. त्याच वर्षी मेक्सिकोत एका ई-मेलमधल्या दडलेल्या मागणीने घरातल्या राउटरची मांडणीच बदलली. बँकेचा पत्ता टाकला तरी माणूस ठकाच्या पानावर पोहोचावा, असा तो डाव होता. पुढे ब्राझीलमध्ये अशाच वाटेने सुमारे 45 लाख मोडेम बिघडवल्याचे 2012 मध्ये जाहीर झाले.

मग यावर उपाय काय निघाला? येथे दप्तरखान्याचे ते सूत्र आठवा. शिक्क्याचा आणि नोंदीचा मेळ.

स्थळाने तुम्हाला अर्जाचे पान देताना त्यात एक लांबलचक, कोणालाही अंदाज बांधता येऊ नये असा आकडा-अक्षरांचा गुच्छ लपवून ठेवायचा आणि त्याची आपल्याकडे नोंद ठेवायची. त्याला टोकन म्हणतात. अर्ज परत आला की नुसती चिठ्ठी पाहायची नाही, टोकनही ताडून पाहायचे. दोन्ही जुळली तर काम करायचे, नाहीतर अर्ज परत. आता वाचक विचारील, ठकाने ते टोकनही मिळवले तर? येथे ब्राउझरचा एक जुना नियम उपयोगी पडतो. एका स्थळाचे पान दुसऱ्या स्थळाकडे मागणी पाठवू शकते, पण त्या स्थळाने दिलेले उत्तर त्याला वाचता येत नाही. नेटस्केपने 1995 पासून तो नियम आणला. म्हणजे ठक दाराबाहेरून ओरडू शकतो, आत डोकावू शकत नाही. टोकन आतल्या पानावर असते, म्हणून ते त्याला दिसत नाही. कुकी ब्राउझर आपोआप जोडतो, टोकन आपोआप जात नाही. सगळा फरक एवढ्यातच आहे.

त्याच्या जोडीला आणखी पहारे आले. पहिला पहारा नियमाचा. नुसता दुवा उघडल्याने पैसे हलू नयेत, नोंद पुसली जाऊ नये. बदल घडवणारे काम विधिवत अर्जानेच व्हावे. या नियमाची किंमत 2005 मध्ये कळली. गूगलने पाने लवकर दिसावीत म्हणून दुवे आधीच उघडून ठेवणारे एक साधन काढले. ते बिचारे पानावरचे ‘काढून टाका’ हे दुवेही उघडत सुटले आणि लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या. नियम पाळला म्हणजे टोकनाची गरज उरत नाही, असे मात्र नव्हे. अर्जही लपवता येतो हे आपण वर पाहिलेच. दुसरा पहारा, मागणी कोणत्या स्थळावरून निघाली हे तपासण्याचा. तिसरा कुकीवरच्या खुणेचा. ‘मी माझ्याच घरच्या मागणीबरोबर जाईन, परक्याच्या नाही’, असे सांगणारी ही ‘सेमसाइट’ खूण 2016 मध्ये क्रोम ब्राउझरात आली. फेब्रुवारी 2020 पासून खूण नसलेल्या कुकीलाही ती आहे असे धरून चालायला क्रोमने आरंभ केला, एप्रिलमध्ये कोविडच्या धांदलीमुळे ते थांबवले आणि जुलैत पुन्हा सुरू केले. स्थळे बांधण्याच्या तयार साहित्यातही टोकनाची सोय अंगभूत झाली, रेल्समध्ये 2007 पासून, जँगोमध्ये 2010 पासून ठळकपणे. ओवास्प ही संस्था स्थळांच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. 2007 च्या यादीत हा धोका पाचवा होता, 2017 च्या यादीत त्याला स्वतंत्र जागा उरली नाही. रोग उतरला तो लस आधीच टोचलेली होती म्हणून.

तरी टोकन म्हणजे अमोघ कवच नव्हे. ऑक्टोबर 2005 मध्ये मायस्पेस या स्थळावर सॅमी कामकार याने घातलेला प्रोग्राम एका दिवसाच्या आत दहा लाखांवर खात्यांत पसरला. तो परक्या पानावरून आलेला नव्हता. त्याने स्थळाच्या स्वतःच्या पानातच जागा मिळवली होती, म्हणून त्याला आतले टोकन वाचता आले. वाड्याचे दार भक्कम असून भागत नाही. गारदी वाड्यातच पगाराला असतील तर दार काय करील?

म्हणून मोठ्या कामाला वेगळी शपथ लागते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने कार्डावरून ऑनलाइन पैसे देताना 1 ऑगस्ट 2009 पासून दुसरी ओळख सक्तीची केली. आपण ज्याला ओटीपी म्हणतो त्याची सवय आपल्याला तेथून लागली. यूपीआय 2016 मध्ये आले, त्यातही पैसे देताना सहसा पिन घालावा लागतो. 1879 च्या कायद्याचा रजिस्ट्रार जणू प्रत्येकाच्या खिशात आला. फक्त एक भेद आहे. तो रजिस्ट्रार समोर बसून तुमच्या वतीने जागा असे. हा पिन तुम्ही डोळे झाकून घातलात तर तुम्हाला जागा करणारे कोणी नाही. फोनवर कोणी गोड बोलून ओटीपी मागितला आणि आपण सांगितला, तर कोणतेही टोकन, कोणतेही मोर्तब आपल्याला वाचवू शकत नाही. तेथे कारभारी फसलेला नसतो, धनीच फसलेला असतो.

आमच्या हाती उरते ते थोडे, पण मोलाचे. बँकेचे काम झाले की बाहेर पडण्याचे बटण दाबावे. सेवा केंद्राच्या संगणकावर तर हे कधी विसरू नये. शुभेच्छा मोकळ्या मनाने घ्याव्यात, पण बँकेचे पान उघडे असताना अनोळखी दुव्यांवर जाऊ नये. आणि पिन घालण्यापूर्वी पडद्यावरची रक्कम व नाव एकदा मोठ्याने वाचावे. ही रजिस्ट्रारची जुनी रीत आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही जमेल.

राहिला त्या म्हातारबाबांचा प्रश्न. मध्यंतरी ते आठवडी बाजारात भेटले. नोंदणी झाली होती. मी त्यांना म्हटले, “बाबा, त्या दिवशी तुमची ओळख खोटी ठरली नव्हती. पानासोबत दिलेली खूण वीज गेली तेव्हा विरली, म्हणून यंत्राने नवी खूण देऊन पुन्हा विचारले. तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी तर अर्ज टाकला नाही ना, एवढीच त्याला शंका होती.”

बाबांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, “म्हंजे माझ्या अंगठ्यावर ते भरवसा ठेवते, पर अंगठा धरून नेणाऱ्यावर नाही ठेवत. बरोबर आहे जी. आमच्या आज्यानं बी असंच पुसलं असतं कोणी, तं एखादी बांधी उरली असती.”

मला पुढे सांगण्यासारखे काही उरले नाही. त्यांनी पिशवीतल्या पणत्या सावरल्या आणि ते घराकडे निघाले.